रेल्वेचा खाका

आमच्या घरात सकाळ सुरू व्हायची ती ठोकण्याच्या आवाजानं. वडिलांचं भांड्यांचं दुकान घराच्या पुढच्याच अंगाला होतं आणि विकत घेतलेल्या भांड्यावर नाव घालून देण्याची दुकानाची रीत होती. नाव घालायचं म्हणजे बारीक टोकाची छिन्नी धरून वर हलक्या हातानं हातोडी मारत जायचं, ठिपक्याला ठिपका लावत अक्षर काढायचं. लग्नसराईत हे काम दिवसभर चाले. आत आई भाकरी थापायची, बाहेर मी तांब्यावर कुणाच्या तरी सासरचं आडनाव ठोकत बसायचो. न्याहारीला भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आदल्या दिवशीची येसर आमटी. येसर शिळी झाल्यावरच तिला चव येते, असं आईचं म्हणणं होतं आणि ते खरं आहे. आता नाव घालायला विजेचं यंत्र आलं आहे. नातू ते चालवतो. अक्षरं सुबक येतात, पण माझ्या हातची जुनी भांडी अजून काही घरांत आहेत. ती दिसली की मी अक्षरांकडे पाहतो आणि कुठला ठिपका हुकला आहे ते मला सापडतं.

आमचं धारूर डोंगराच्या काठावर आहे. वर किल्ला, खाली पेठ, आणि किल्ल्याच्या उताराला वेशीपलीकडे मोमीनपुरा. रेल्वे गावाला नव्हती, आजही नाही. ती येणार, असं मात्र माझ्या लहानपणापासून बोललं जाई. हॉटेलात बसलेली माणसं टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून तिचा मार्ग काढून दाखवत. प्रत्येकाच्या मार्गात रेल्वे त्याच्या शेताजवळून जाई. कुणी त्याला हसत नसे, कारण आपली पाळी आली की आपणही तेच करणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी तेव्हा औरंगाबादला नकाशे काढायचं शिक्षण घेऊन परत आलो होतो. नोकरी लागली नव्हती. टी-स्क्वेअर आणि पेन्सिलींचा डबा दुकानात खुंटीला टांगलेला असे आणि वडील गिऱ्हाइकाला तो दाखवत. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. माझा सगळा वेळ कादरबरोबर जाई. कादर हा मोमीनपुऱ्यातल्या रहीम मिस्त्रींचा मुलगा, शाळेपासूनचा माझा सोबती. सुतारकाम बापाकडूनच शिकलेला, पण बापापेक्षा बोलका. "अबे वैज्या, तू कागदावर घर बांधतोस, त्यात पाऊस येत न्हाई. माझ्या घरात येतो," असं तो म्हणायचा. त्याची आई, जैनबखाला, जरीचं भरतकाम करायची. लग्नाचे दुपट्टे, गळे, बाह्या. तिच्याकडे सकाळी खिचडी आणि चिंचेचं खट्टं असे. आमचं घर लिंगायत. मी तिथं जेवतो हे घरी माहीत होतं, पण कुणी विचारत नसे. खालानं माझ्यासाठी एक वेगळी वाटी ठेवली होती. ती कुणासाठी आहे हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण इतर कुणाला त्या वाटीत वाढलेलं मी पाहिलं नाही.

त्या वर्षी पेठेच्या गणेश मंडळाला रेल्वेचा देखावा करायचा होता. मंडळाचे अध्यक्ष मन्मथआप्पा. कापडाचं मोठं दुकान त्यांचं होतं आणि गावात नवी शाळा उभी राहत होती तिच्या कमिटीवरही तेच होते. त्यांच्या जावयानं हैदराबादहून नातवासाठी विजेवर चालणारी खेळण्यातली रेल्वे आणली होती. इंजीन, डबे, आणि एका खोक्यात रुळांचे तुकडे, काही सरळ, काही वाकडे. पोरानं दोन दिवसांत तिचा नाद सोडला आणि आप्पांनी ती मंडळाला दिली. "लोकांला दाखवू," ते म्हणाले, "आपल्या गावात रेल्वे आली तर कशी दिसंल. सरकार दाखवत न्हाई, आपण दाखवू." टेबल कादरनं करायचं आणि नकाशा मी काढायचा असं ठरलं. आप्पा रहीम मिस्त्रींना जाता जाता म्हणाले, "पोरानं हे नीट केलं तर शाळेच्या बाकांचं बी तुमच्याकडंच बघू." मिस्त्री मान हलवून कामाला लागले. शाळेच्या बाकांचं काम म्हणजे त्यांच्या कारखान्याला वर्षभराचं काम होतं. कारखाना म्हणायचा, पण होती ती पत्र्याची एक पडवी.

खेळण्यातले रूळ कापता येत नाहीत, हवे तसे वाकवताही येत नाहीत. वाकड्या तुकड्यांचा वाक ठरलेला असतो. म्हणून आधी तुकडे जमिनीवर मांडून पाहिले, मग मापं घेतली, मग कागदावर उतरवलं. लांबट गोल, मागच्या बाजूला किल्ल्याचा डोंगर आणि त्यातून बोगदा, पुढच्या बाजूला, बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, मुख्य रुळापासून फुटलेला एक फाटा आणि त्या फाट्यावर स्टेशन. फाटा फुटतो त्या तुकड्याला सांधा म्हणतात. खोक्यात सांधा एकच होता. स्टेशन डावीकडे काढलं याला कारण एवढंच की खऱ्या गावातही सपाट जागा तिकडेच आहे, वेशीपलीकडे, मोमीनपुऱ्याच्या पुढे. रेल्वे आली तर स्टेशनला दुसरी जागा नाही. मला तेव्हा यात काही चूक वाटली नाही. आजही वाटत नाही.

लहान कागदावरचा नकाशा पाहून कादरनं पडवीत टेबलाचा सांगाडा जोडला. खाली पाय, वर चौकट, चौकटीत आडवे बत्ते म्हणजे लाकडी पट्ट्या, आणि त्यावर फळ्या. सांध्याला खालून तार लावून ओढायची होती, म्हणजे गाडी फाट्यावर वळेल. त्यासाठी सांध्याच्या खाली आणि स्टेशनच्या दिव्यांच्या वायरींखाली बत्ता येता कामा नये. कादरनं नकाशा बघून बत्ते तसे सरकवून बसवले, डावीकडे पुढच्या अंगाला मोकळी जागा ठेवली. फळ्या ठोकल्यावर वरून यातलं काहीच दिसत नव्हतं. वरून ते एक साधं सपाट टेबल होतं.

आता नकाशा खऱ्या मापात टेबलावर उतरवायचा होता. टी-स्क्वेअर एवढ्या मोठ्या टेबलावर पुरत नाही आणि हातानं गोलाई ओढली की ती चुकते. हे ऐकून खाला हसली. "खाका मारा की," ती म्हणाली. खाका म्हणजे नक्षीचा टोचलेला कागद. कागदावर नक्षी काढायची, रेघेवरून सुईनं जवळजवळ भोकं पाडत जायचं, कागद कापडावर ठेवायचा आणि वरून घासून नीळ लावायची. भोकांतून खाली ठिपके उतरतात. तिनं आम्हाला एक गळा उतरवून दाखवला. अर्ध्या गळ्याचाच खाका होता. एक बाजू झाल्यावर तिनं कागद पालथा केला आणि त्याच खाक्यानं दुसरी बाजू काढली. "एका कागदात दोन्ही अंगं निघत्यात," ती म्हणाली. "नाहीतर डोळे दुप्पट फुटले असते."

आम्ही दुकानात भांड्यांना गुंडाळून येणारे तपकिरी कागद खळीनं एकमेकांना चिकटवले, टेबलाएवढे. मी त्यावर पेन्सिलीनं खऱ्या मापाचे रूळ काढले आणि टोचत बसलो. ठिपके देण्याचा माझा हात होताच. कादर शेजारी बसून फाट्याच्या टोकाला स्टेशनचं नाव मोठ्या अक्षरांत लिहीत होता. "स्टेशन मास्तर कोण?" मी विचारलं. "तू हो. मी तिकीट काढणार न्हाई. मला पकडून दाखव," तो म्हणाला. नीळ लाकडावर पसरते, म्हणून कादरनं सुताराची काव घ्यायचं ठरवलं, कोरडी लाल काव, फडक्याच्या पुरचुंडीत बांधलेली. कागदावर पुरचुंडी आपटत जायचं, खाली लाल ठिपके पडतात.

शुक्रवारी सकाळी टेबल मंडपात नेऊन बसवलं. त्याच सकाळी न्याहारीला दादा म्हणाले, "टेसन तिकडं का म्हून काढलं?"

"तिकडं जागा हाय."

"देखाव्यात कशाची जागा? तालुक्यातून लोक येतेत. पेठंचा गणपती, पेठंची वर्गणी, आन् टेसन वेशीपल्याड. आप्पा काल म्हणत होते."

"आप्पा काय म्हणले?"

"काय न्हाई. म्हणले, पोरगं शिकलेलं हाय, त्याला कळत असंल." दादांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. ते कधीच ओरडत नसत. आई म्हणाली, "खाऊ द्या त्याला," आणि माझ्या ताटात आणखी चटणी वाढली.

नकाशा बदलायचा तर सगळे कागद पुन्हा चिकटवावे लागले असते, पुन्हा टोचावे लागले असते. आणि कादरला सांगावं लागलं असतं की स्टेशन तुमच्या बाजूला नको, असं घरात म्हणतात. पुष्कळ वर्षं मी स्वतःला पहिलंच कारण सांगत आलो. ते खोटं आहे. टोचण्याचा मला कंटाळा नव्हता. मला ते एक वाक्य बोलायचं नव्हतं.

दुपारी कादर जुम्म्याच्या नमाजला गेला. जाताना म्हणाला, "मी येईस्तोवर थांब, संग मारू." मंडपात पताका लावणारी दोन पोरं होती, त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी कागद उलगडला, पालथा केला, टेबलाच्या कडेला कडा जुळवल्या आणि काव मारली. स्टेशन उजवीकडे आलं, पेठेच्या बाजूला. मला ते काम सोपं वाटलं, एवढंच मला त्या वेळचं आठवतं. बत्त्यांचा विचार माझ्या मनात आला नाही. नकाशा काढणाऱ्याला टेबल म्हणजे टेबल. कादर परत आला तेव्हा मी कागद गुंडाळून ठेवला होता. त्याच वेळी मिस्त्रींनी त्याला दुसऱ्या कामाला हाक मारली, म्हणून त्यानं टेबलाकडे नीट पाहिलंच नाही. "मारला का? थांबला न्हाईस," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपात सगळे जमले होते. आप्पा, दादा, मिस्त्री, पेठेतली माणसं. गणपती बसायला एकच दिवस राहिला होता. कादरनं सांध्याच्या खुणेवर भोक पाडायला घेतलं आणि गिरमिट खाली बत्त्यावर जाऊन बसलं. वायरीच्या खुणेवर घेतलं, तिथंही बत्ता. तो टेबलाखाली शिरला, बाहेर आला, पुन्हा शिरला. मग रूळ मांडून पाहिले. गोल जमला, पण सांधा लावला तर फाटा पुढे माणसांकडे यायच्या ऐवजी आत डोंगराकडे तोंड करून बसला. सांधा डावीकडे फुटणारा होता. पालथ्या नकाशाला उजवीकडे फुटणारा लागतो, आणि तसा खोक्यात नव्हता. हे मला त्या क्षणी कळलं. शिक्षण मी त्याचंच घेतलं होतं.

"काय झालं बे?" कुणीतरी विचारलं.

"बत्ते आडवे येतेत," कादर म्हणाला.

"बत्ते कुणी ठोकले?"

"मीच."

"मग टेबलच उलटं बसलंय. फिरवा की."

चार माणसांनी टेबल उचललं आणि फिरवलं. फिरवल्यावर डोंगराची जागा पुढे आली. पताका लावणारं एक पोरगं म्हणालं, "टेबल फिरवलं तर खुणा बी त्याच्यासंगं फिरतेत की." दोघंतिघं हसले. टेबल पुन्हा होतं तसं ठेवलं.

कादर म्हणाला, "खुणा पुसू आन् परत मारू. तासाभराचं काम हाय."

"खुणांला काय धाड भरलीय?" आप्पा म्हणाले. "टेसन पेठंत आलंय. बराबर हाय. शिकलेल्या माणसानं मापून काढलंय ते. तुझं टेबल चुकलंय, ते कबूल कर."

कादर माझ्याकडे वळला. "वैजू, खाका तू मारलास. लिहिलेली बाजू वर होती का खाली?"

दादा माझ्याशेजारी उभे होते. मी म्हणालो, "बघावं लागंल."

कागद माझ्या पायापाशीच पडला होता. कादरनं तो उचलून उलगडला. पेन्सिलीची बाजू स्वच्छ होती. कोऱ्या बाजूला सगळी काव होती. त्यानं दोन्ही बाजू पाहिल्या, कागद पुन्हा गुंडाळला आणि काखेत धरला. कुणाला दाखवला नाही. त्याला काय कळलं ते मला कळलं आणि मला कळलं हे त्यालाही कळलं. आप्पा म्हणाले, "ज्याला एक टेबल सरळ बसवता येत न्हाई, त्यो पोरांची बाकं काय बसवणार?" ते रागानं बोलले नाहीत, गंमत केल्यासारखं बोलले, म्हणून लोक हसले. रहीम मिस्त्रींनी कादरच्या हातातलं गिरमिट काढून घेतलं, आपल्या पिशवीत ठेवलं आणि ते मंडपातून बाहेर पडले. कादर त्यांच्या मागं गेला.

फाटा सोडून दिला. गाडी नुसती गोल फिरायची, बोगद्यातून जायची, यायची. उजवीकडे पुठ्ठ्याचं स्टेशन उभं केलं होतं, तिथं ती थांबत नसे. तरी लोकांनी फार गर्दी केली. खेड्यांतून बैलगाड्या करून माणसं आली. म्हाताऱ्या बाया इंजिनाला हात जोडत. दादा मंडपाशी उभे राहून येणाऱ्याला सांगत, "नकाशा आमच्या वैजनाथानं काढलाय." मी त्या दिवसांत रोज मंडपात होतो. मोमीनपुऱ्याकडे गेलो नाही. उद्या जाऊ असं म्हणत होतो. शाळेची बाकं पुढं अंबाजोगाईच्या एका सुतारानं केली. कादर हैदराबादला मामाकडे गेल्याचं मला दुकानात एका गिऱ्हाइकाकडून कळलं. तो तिथंच राहिला, तिथंच लग्न केलं, आणि काही वर्षांपूर्वी तिथंच वारला. मधल्या काळात तो गावी यायचा, पण आम्ही भेटलो नाही. एकदा बसस्टँडवर तो मला दिसला होता. मी फळांच्या गाड्यामागं थांबलो.

आमच्या गावात एखादं काम उलटं बसलं की म्हणतात, "कादरचं टेबल झालं." हे कुठून आलं ते आता कुणाला माहीत नाही. मागच्या महिन्यात माझा नातू फोनवर कुणाला तरी ते म्हणाला. मी त्याला विचारलं, कादर कोण? त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून हे लिहितो आहे. कादरनं बत्ते बरोबर बसवले होते. खाका मी पालथा मारला, जाणूनबुजून मारला, आणि विचारलं तेव्हा बोललो नाही.

हे मी एकदा तोंडी सांगितलं आहे, जैनबखालाला. रहीम मिस्त्री वारले तेव्हा, कादर हैदराबादला परतल्याचं कळल्यावर, गेलो होतो. माझेही केस पांढरे व्हायला लागले होते. भेटायला आलेली माणसं निघून गेली तरी मी बसून राहिलो आणि मग सांगितलं. ती खाटेवर बसली होती. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नव्हतं.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "कागद घरी आनलता त्यानं. कोरी बाजू लाल होती. मी जल्मभर खाके मारले, मला कळायचं न्हाई?"

"त्यानं लोकांना दाखवला का न्हाई?"

"मी बी त्येच इचारलं. त्यो म्हणला, मी दाखवला तर वैजू खोटा पडतोय चारचौघांत. त्याच्या बापासमोर त्याला बोलता येत न्हाई, नंतर यील आन् सांगंल. मामूचा सांगावा आलाच होता. मी म्हणले, सकाळच्या गाडीनं जा. तर म्हणला, गणपती उठू दे."

तिनं पदर डोक्यावर ओढला.

"रोज दारात बसायचा. मी म्हणायची, जेव. म्हणायचा, थांब, वैजू आला तर संगं बसू. इसर्जनाच्या दिवशी मिरवणूक हितूनच गेली, आमच्या दारावरनं. तू म्होरं होतास, गुलालात. त्यो उठून हुबा राह्यला. मिरवणूक वळणाच्या पल्याड गेली तवा आत आला आन् पेटी उचलली."

मला ती मिरवणूक आठवते. ढोल आठवतात, आप्पांनी माझ्या डोक्यावर घातलेला फेटा आठवतो. तिच्या दारावरून गेल्याचं मला आठवत नाही.